वर रस्ता, खाली समुद्र

माझ्या ब्लॉगच्या डोक्यावर कितीतरी वर्षं बर्फ साचलेला होता. फुकटात मिळालेलं डिझाइन होतं ते. मागे कुठल्या तरी थंड देशातली झाडं, पुढे लाकडी टेबल, टेबलावर कॉफीचा मग आणि मगाशेजारी कुणाचा तरी चष्मा. त्याखाली मी लिहिलेलं, की वाल सोलायचा ज्याला कंटाळा आहे त्याने बिरड्याच्या वाटेला जाऊ नये. वाचणारे बिचारे सोशिक. एका बाईंनी मात्र एकदा विचारलं, की तुमच्या दिवेआगरला हिवाळ्यात एवढी थंडी पडते का? मी ‘नाही’ एवढंच उत्तर पाठवलं. मला कुणी शहाणपणा शिकवलेला आवडत नाही, आणि त्यातून तो खरा असला तर मुळीच नाही.

ब्लॉग सुरू केला तो वादळानंतर. आमची पोफळींची वाडी एका दिवसात आडवी झाली होती. सुपारीचं झाड म्हणजे पोफळ. ते उभं राहायला वर्षं लागतात आणि पडायला एक झोत पुरतो. वीज परत आली तशी मी मोबाइलवर लिहायला लागले. आधी कुठलं झाड कुठे होतं ते लिहिलं. मग त्या झाडाच्या फळाचं आम्ही काय करत होतो ते. मग जी स्वयंपाकघरात शिरले ती तिथेच राहिले. लोक वाचायला लागले, आणि वाचता वाचता विचारायला लागले, की तुमच्याकडे राहायला येता येईल का.

इथे आमच्या वाडीची रचना सांगायला हवी. दिवेआगरच्या वाड्या लांबच लांब आणि अरुंद. एक टोक गावच्या रस्त्यावर, दुसरं सुरूच्या बनात. बनापलीकडे वाळूची पुळण आणि समुद्र. सासऱ्यांच्या मागे आमच्या वाडीचे दोन भाग झाले ते मधल्या विहिरीवरून. रस्त्याकडचा भाग थोरल्याचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. समुद्राकडचा धाकट्याचा, म्हणजे माझ्या दिरांचा. विहीर दोघांची. पाणी शिंपायच्या पाळ्या ठरलेल्या, आणि भाऊभाऊ एकमेकांशी बोलत ते या पाळ्यांपुरतंच. भांडण म्हणाल तर नव्हतं. आमच्या घरात मोठ्याने भांडत नाहीत, नुसतं बोलणं आटतं.

पाहुण्यांसाठी खोल्या दोन्ही घरांनी बांधल्या. पण पाहुणा येतो रस्त्याने. त्याला आमची पडवी दिसते, पडवीत सुपारी कातरत बसलेले आमचे हे दिसतात, आणि त्याला वाटतं वाडी इथेच संपली. आमच्या खोल्या भरायच्या, मागच्या रिकाम्या राहायच्या. जागा नसली की मी पाहुणे मागे पाठवायचे. भाऊजींना ते खपत नसे. “उरलेले पाहुणे नकोत मला, वहिनी,” असं त्यांनी एकदा तोंडावर सांगितलं. त्यात वादळाने त्यांच्या भागाचं जास्त नुकसान केलेलं, कारण समुद्राकडून पहिला तोच लागतो. मुंबईचा एक बिल्डर दोनदा येऊन त्यांची जागा बघून गेला होता. मुलगा पनवेलला, त्याचाही आग्रह, की बाबा आता पुरे, या इकडे. भाऊजी म्हणायचे, पावसाआधी ठरवतो.

मला ते जायला नको होते. खरं सांगायचं तर मला माझी जाऊ जायला नको होती. ती या घरात आली तेव्हा तिला मोदकाची उकड काढायला मी शिकवलं. आता तिच्या मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक पडतात; हे मी इथे लिहिते आहे, तिला कधी म्हटलेलं नाही. ती पनवेलला तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसली, तर विहिरीवर मी कुणाशी वाद घालू? बिल्डरच्या कंपाउंडशी?

म्हणून मी ठरवलं, की ब्लॉगचं रूपडं बदलायचं, त्यातच दोन्ही घरांच्या खोल्या दाखवायच्या, आणि पाहुण्याला घरी बसूनच कळलं पाहिजे की वाडी पुढेही आहे. पण करणार कोण? मला लिहिता येतं, बाकी सगळा उजेड.

तेवढ्यात ब्लॉगखाली कुणी तरी लिहिलं: ‘काकू, लिखाण एवढं आपलं, मग छप्पर परक्याचं कशाला?’ नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘मग तू घाल छप्पर’ असं मी तिथल्या तिथे ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी ते लिहिणाऱ्या मुलीचा फोन आला. श्रीवर्धनची निघाली. वडिलांची उभी हयात कुवेतच्या नोकरीत गेली होती, आणि ही श्रीवर्धनच्या घरात माळ्यावर बसून दुबईच्या दुकानांच्या वेबसाइट सजवत होती. “अब्बा विमानाने जायचे, मी जिन्याने जाते,” म्हणाली. मला ती फोनवरच आवडली.

शेखाडीच्या रस्त्याने स्कूटीवरून ती आली, तेव्हा पडवीत आम्ही चौघंही बसलो होतो. हे झोपाळ्यावर, भाऊजी पायरीवर, मी आणि जाऊ दाराशी. तिने लॅपटॉप उघडला नाही. नारळाची वडी खाल्ली, आणखी एक मागून घेतली आणि विचारलं, “पाहुणा आला की त्याला पहिलं काय दिसतं?”

“मी,” हे म्हणाले.

जाऊने तोंडाला पदर लावला.

“आणि पानावर तुम्हाला काय काय हवंय, काका?”

ह्यांनी याची तयारी केलेली होती. आत जाऊन ते आमच्या मुलीची लग्नपत्रिका घेऊन आले. कपाटात एक कोरी ठेवलेली असते, आमच्याकडे सगळेच ठेवतात. ती त्यांनी तिच्यासमोर धरली. “हे बघ पोरी. वर गणपती. त्याच्याखाली कुलस्वामिनी प्रसन्न. मग थोरल्यांचं नाव, मग बाकीचे, मग पत्ता. क्रम चुकता कामा नये. वर कोण न् खाली कोण, ते लोक बघतात.”

मला हसू येत होतं, पण तेव्हा मलाही त्यात फार काही चूक दिसली नाही. आम्हाला छापून चार लोकांत जाणारा कागद माहीत तो एकच. पत्रिकेत नाव वर गेलं की माणूस वर, खाली गेलं की खाली, आणि नुसतं ‘व समस्त परिवार’ म्हटलं की तो जेवायला येतो पण आहेराला हात आखडतो. यावरून आमच्या आळीत दोन घरांचं येणंजाणं तुटलेलं मी स्वतः पाहिलंय.

श्रीवर्धनच्या मुलीने पत्रिकेचा फोटो काढून घेतला. पुढचं सगळं तिला ह्यांनी फोनवर सांगितलं, आणि मी तेव्हा फणस फोडत होते. हात चिकाने भरलेले असताना नवऱ्याच्या हाती फोन देऊ नये, हे मी आता कुणालाही सांगेन.

पहिला नमुना आला तो आम्ही टीव्हीवर लावून बघितला. भाऊजी आणि जाऊ मुद्दाम आले होते. बर्फ गेला होता, हे मी आधी बघितलं आणि मला टाळी वाजवावीशी वाटली. हिरवा रंग असा, की पाटात पाणी सोडल्यावर वाडी दिसते तसा. अक्षरं ठसठशीत. मधोमध माझ्या जावेच्या मोदकांचा फोटो, कळीन् कळी मोजून घ्यावी. आणि त्याच्यावर सोन्याच्या अक्षरात ह्यांचं नाव, आणि नावाखाली: ‘बंधू व समस्त परिवार’.

भाऊजींनी ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं.

“बंधूला नाव न्हाय काय?”

“पत्रिकेत असंच असतं,” हे म्हणाले.

“लग्न कुणाचं हाय?”

भाऊजी चहा न पिता उठले. जाऊ उठली, पण जाता जाता टीव्हीवरच्या मोदकांकडे तिने एकदा वळून बघितलं. किती सुंदर फोटो आला होता आपल्या हातच्या पदार्थाचा, आणि धड बघायलाही मिळाला नाही बिचारीला. मी ह्यांच्यावर असा तोंडाचा पट्टा सोडला की शेवटी ते विहिरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या नमुन्यात मी ह्यांना फोनजवळ फिरकू दिलं नाही. मुलीला सांगितलं, दोन्ही नावं शेजारी शेजारी घाल, एका ओळीत, एका मापात. तिने घातली. डावीकडे आमचे हे, उजवीकडे भाऊजी, मध्ये नारळ. पुन्हा टीव्ही, पुन्हा चौघं. भाऊजींनी मान तिरकी करून दोन्ही बाजूंची अक्षरं तोलली आणि म्हणाले, “बरोबरीत हाय. डावं-उजवं चालंल.” त्या दिवशी चहाच काय, भजीही झाली. मी मनातल्या मनात जावेला पनवेलहून परत आणून विहिरीवर बसवूनसुद्धा टाकलं.

सकाळी भाऊजी विहिरीवर उभे. हातात मोबाइल.

“बघा वहिनी. माझ्या पाठीमागं पुन्हा खाली घातला मला.”

बघते तर खरंच. टीव्हीवर शेजारी शेजारी असलेली नावं मोबाइलवर एकाखाली एक बसली होती. वर हे, मग नारळ, त्याच्याखाली भाऊजी. त्यांना ठाम वाटत होतं की थोरल्याने गुपचूप फोन करून हे करवून घेतलं. हे आईची शपथ घ्यायला लागले. मी तिथूनच मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिने समजावून सांगितलं, की मोबाइलची रुंदी कमी, दोन नावं बाजूबाजूला मावत नाहीत, म्हणून उजवीकडचं आपोआप खाली जातं. कुणी केलेलं नाही.

भाऊजींनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

“म्हणजे जागा कमी पडली की धाकट्यानं खाली जायचं,” ते म्हणाले. “हे काय नवीन न्हाय. पोरी, माझ्या खोल्या काढ त्यातनं. मी पावसाआधी मोकळा होणार हाय.”

जाऊ धुणं पिळत होती. ती पिळतच राहिली. कपड्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिली.

ते गेल्यावर सगळा राग मी त्या मुलीवर काढला. वड्याचं तेल वांग्यावर. म्हटलं, तुमच्या त्या फोनच्या चिंचोळेपणाने माझं घर मोडायला आलंय, लांबच लांब आणि अरुंद, काय उपयोगाची वस्तू आहे ही! मला वाटलं, आता ती रडणार. तर म्हणाली, “काकू, लांबच लांब आणि अरुंद तर तुमची वाडीपण आहे.”

“मग?”

“मग काही नाही. मी परवा येते. कुणी मला काही सांगू नका. मी फक्त चालणार.”

ती आली आणि खरंच नुसती चालायला लागली. रस्त्यावरच्या फाटकात उभी राहिली, तिथून फोटो. आमची पडवी, तिथून फोटो. हे दाढी करून बसले होते, त्यांना तिने घेतलं की नाही कोण जाणे. मग माड, पोफळी, मिरीचे वेल, पाटाच्या कडेने ती विहिरीपर्यंत आली. मी तिच्या मागे. विहिरीच्या पलीकडे भाऊजी खोरं घेऊन उभे होते.

“पुढं काय बघण्यासारखं न्हाय,” ते म्हणाले. “सगळं वादळात गेलं.”

“समुद्रपण गेला?” तिने विचारलं.

भाऊजींना थट्टा खपत नाही. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं, खोरं बांधाला टेकवलं आणि म्हणाले, “चल.”

मग जे घडलं ते सांगताना मला आजही आनंद आवरत नाही. तो माणूस बोलायला लागला. ही पोफळ वादळात अर्धी मोडली, तरी जगली. ही रांग त्या पावसात लावली, गावातले सगळे हसले, म्हणाले आता कशाला, आधी पडलेलं तर उचला. ही बघ, हिला या साली पहिल्यांदा पोय आली. आणि त्यांनी हात वर करून तो कोवळा तुरा दाखवला. आवाजात एवढं कौतुक, की नातवंडाचा पहिला दात दाखवतोय असं वाटावं. इथे रातांबा होता. इथे आता पपया. इथून पाहुण्यांची खोली, खिडकी उघडली की गाज ऐकू येते, थोरल्याकडे येत न्हाय. जाऊ कधी येऊन माझ्याशेजारी चालायला लागली ते मला कळलं नाही. ती माझ्या कानाशी म्हणाली, “ताई, एवढे शब्द ह्यांच्यापाशी होते?”

शेवटी ते मागच्या फाटकापाशी थांबले. गंजलेलं, एका बिजागरीवर लटकलेलं. पलीकडे सुरूचं बन, आणि बनातून पांढरी लाट दिसत होती.

“हे फाटक कुणाचं?” मुलीने विचारलं.

“माझं.”

“म्हणजे वाडीतल्या कुठल्याही पाहुण्याला समुद्रावर जायचं तर तुमच्याकडूनच?”

“मग? दुसरी वाट कुठाय?”

ती हसली, फाटक उचलून उघडलं आणि चपला हातात घेऊन थेट पाण्यापर्यंत गेली. भाऊजी फाटकात उभे राहून तिला बघत होते. मला वाटलं, आता ते बिल्डरचा विषय काढतील. त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. तोंडाला कुलूप लावायची वेळ माझ्यावर क्वचित येते, ती मी त्या दिवशी पाळली.

तिसरा नमुना ती स्वतः घेऊन आली. म्हणाली, टीव्ही नको, आपापल्या मोबाइलवर बघा. चौघं पडवीत, चार मोबाइल, चार चष्मे.

मी उघडलं. वर गावचा रस्ता, काळ्या शाईच्या रेघांनी काढलेला, कडेला एसटीचा थांबा आणि आमचं फाटक. बाकी काही नाही. अंगठ्याने वर सरकवलं तसं फाटक मागे गेलं आणि आमची पडवी आली, झोपाळ्यावर सुपारी कातरणारा एक इवलासा माणूस. तिथे बोट लावलं की आमच्या खोल्या उघडायच्या. आणखी सरकवलं, माड आले, मिरीचे वेल, पाटाचं पाणी पडद्याच्या कडेने माझ्याबरोबर खाली चाललेलं. मग विहीर. विहिरीवर दोन बायका धुणं धुताना बोलत होत्या, आणि तिथे बोट लावलं की माझा ब्लॉग. सगळं लिखाण तिने विहिरीवर ठेवलं होतं. “तुम्ही दोघी तिथे जेवढं बोलता तेवढं कुठेच बोलत नाही,” ती म्हणाली. आजवर मी जे लिहिलं त्यातलं निम्मं मला जावेनेच विहिरीवर सांगितलेलं होतं, आणि हे मी त्या मुलीला कधी बोलले नव्हते.

विहिरीच्या पुढे मी सरकवत गेले. मोडून जगलेली पोफळ होती. नव्या रांगा होत्या. पोय आलेलं झाड वेगळं उठून दिसत होतं. भाऊजींचं घर, दारात मोदकांचं ताट घेऊन जाऊ, त्यांच्या खोल्या, खिडकी. मग मागचं फाटक, तसंच एका बिजागरीवर. अंगठा लागला की ते उघडायचं, आणि मग सगळा पडदा भरून समुद्र. खाली आणखी काही नाही. समुद्रच.

नाव कुणाचंच नव्हतं.

“नाव कुठाय?” ह्यांनी विचारलंच.

“काका, पाहुणा फाटकात आला की तुम्ही सांगा ना. तुम्हीच तर पहिले दिसता.”

ह्यांनी परत वरून सुरुवात केली. सावकाश, अंगठ्याला थुंकी लावून पान उलटावं तसं, खालपर्यंत गेले. मग भावाकडे न बघता म्हणाले, “समुद्र सगळा ह्याच्याकडं हाय की रे.”

“खाली घातला न्हवं मला,” भाऊजी म्हणाले. आणि ते हसले. पहिल्यांदा गालात, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “घाल, घाल. जेवढा खाली घालशील तेवढा पाण्याजवळ!”

जाऊ हसली, मी हसले, झोपाळ्याच्या कड्या वाजेपर्यंत आमचे हेसुद्धा हसले. हसून झाल्यावर ते थेट भावाशी बोलले, मध्ये मला न घालता: “तुझं ते फाटक लई वाईट दिसतंय. बिजागरी बसवून घेऊ. माझ्याकडं रंग उरलाय.”

“कुठला रंग?”

“निळा.”

“समुद्राला निळं फाटक? काहीतरीच. हिरवा आण.”

रंगावरून दोघं वाद घालायला लागले, आणि मला एवढं बरं वाटलं, की मी उठून सगळ्यांसाठी परत चहा टाकला.

साइट सुरू करायच्या दिवशी आम्ही नारळ फोडला. जाऊ हळदकुंकवाची बोटं घेऊन लॅपटॉपकडे निघाली, तेव्हा ती मुलगी किंचाळली, “काकी, कीबोर्डवर नको, झाकणावर लावा!” तिने स्वतः झाकण मिटून पुढे केलं. मोदक तिने एवढे खाल्ले, की जावेने तिच्या अम्मीसाठी वेगळा डबा भरला. पाहुण्यांचे फोन त्याच आठवड्यात यायला लागले. गंमत म्हणजे निम्मे विचारायचे, समुद्राजवळच्या खोल्या आहेत का हो? मी ऐटीत सांगायचे, आहेत, पण त्या दिरांच्या, त्यांना विचारून सांगते.

पण भाऊजी बिल्डरबद्दल अवाक्षर काढत नव्हते. फाटक हिरवं झालं, खोल्या भरल्या, तरी ते काही बोलेनात. मे महिना सरत आला. जाऊ म्हणायची, “ताई, मी विचारू?” मी म्हणायचे, नको. आणि मग मीच तिला विचारायचे, “काही म्हणाले?” दोघींच्या जिवाला घोर. एकदा बिल्डरची गाडी रस्त्यावर दिसली, तेव्हा माझ्या हातातली पळी खाली पडली. गाडी सरळ श्रीवर्धनकडे निघून गेली. तीही बिल्डरचीच होती असं नाही. पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच.

मग एका दुपारी मी पडवीत बसून मुलीशी फोनवर बोलत होते. ब्लॉगवर आंब्याच्या साठांचं, म्हणजे आंबापोळीचं, नवीन लिहिलं होतं, त्याचे फोटो कुठे घालायचे ते चाललं होतं. जाऊ माझ्याशेजारी आमसुलं निवडत होती. भाऊजी मागून चालत आले आणि म्हणाले, “तीच पोरगी हाय का? द्या इकडं.”

मी फोन स्पीकरवर करून दिला.

“पोरी, विहिरीच्या पुढं डाव्या अंगाला तू मोकळं दाखवलंयस. तिथं झाडं काढ.”

“कुठली झाडं, काका? मी बघितलंय ना, तिथे काही नाहीये.”

“जायफळाची. रोपं सांगून ठेवलीत. या पावसात लावणार हाय.”

“मग लावल्यावर फोटो पाठवा, काढते.”

“आत्ताच काढ. फळांनी भरलेली काढ.” भाऊजी जरा चिडले. “जायफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. तवर पाहुण्यांना काय मोकळी जमीन दाखवायची?”

मुलगी हसत हो म्हणाली. भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला आणि पाटाचं पाणी बघायला निघून गेले. त्यांना कळलंही नाही आपण काय बोललो ते.

जावेच्या हातातलं आमसूल हातातच राहिलं होतं.

“सात-आठ वर्षं,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही ऐकलंत ना?”

मी ऐकलं होतं. तरी तिला म्हटलं, परत सांग.